अव्वाची चटणी आणि निळ्या झाकणाची बाटली

आईला गोळी न देता गोळी देणारा सोलापुरातला पहिला माणूस मीच, असं मी तब्बल सोळा दिवस समजत होतो! सतराव्या दिवशी काय झालं ते सांगतो. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा, मला अजून जमलेलं नाही.

मी मल्लिनाथ. एका कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत सध्या एकच वेड आहे. ज्वारीतलं प्रथिन काढायचं, त्याचे इतके बारीक कण करायचे की केसाच्या जाडीत शेकडो मावतील, आणि त्या कणांच्या पोटात जीवनसत्त्व भरायचं. कण जठरातल्या आम्लाला दाद देत नाही. आतड्यात पोचला की उकलतो आणि माल उतरवतो. चव नाही, वास नाही, खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही! हे शेवटचं वाक्य मी वर्गात छाती फुगवून सांगायचो.

आमची अव्वा, म्हणजे माझी आई गौरम्मा. तिचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि डी जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दिल्या. अव्वानं एक कॅप्सूल उजेडात धरली.

"ह्याचं टरफल कशाचं रं मल्लू?"

मी पडलो शास्त्रज्ञ! "जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, अव्वा."

आम्ही लिंगायत, मांसाला शिवत नाही. गळ्यातल्या लिंगाला हात लावून अव्वानं कॅप्सूल अशी भिरकावली की ती गल्लीपलीकडं चनबसप्पांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर पडली. नंतर साध्या गोळ्या आणल्या, तर अव्वाच्या लेखी त्याही हाडाच्याच ठरल्या.

"अहो, थेंब मिळतात का ते डॉक्टरांना विचारू या," माझी बायको दानेश्वरी म्हणाली. "आणि काय द्यायचं ते अव्वांना सांगून द्या."

"सांगून द्यायचं तर एवढं विज्ञान कशाला?" मी म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की कुठं तोंड लपवावं कळत नाही.

एका संध्याकाळी प्रयोगशाळेच्या फ्रीजमधून मी डी जीवनसत्त्व भरलेल्या ज्वारीच्या कणांची बाटली उचलली. माणसांना द्यायची परवानगी नसलेली, हेही सांगून टाकतो. रोज सकाळी अव्वा देवपूजेला बसली की तिच्या शेंगाचटणीच्या बरणीत मी त्यातली पांढरी पूड मिसळायचो. अव्वाचं तिन्ही वेळचं जेवण त्या चटणीशिवाय होत नाही. दहाव्या दिवशी अव्वा जिना चढून गच्चीवर गेली!

"गुडघं लई हलकं झाल्यात," ती म्हणाली. "औंदा चनबसप्पांच्या शेंगा लई चांगल्या हायत!"

श्रेय शेंगांना गेलं, पण मी मनात स्वतःचा सत्कार उरकून घेतला.

सतरावा दिवस सोमवार होता. सात रस्त्याला सिग्नलवर स्कूटर थांबली आणि श्रावणीचा फोन आला. ही माझी संशोधक विद्यार्थिनी.

"सर, फ्रीजमधली निळ्या झाकणाची बाटली तुम्ही नेलीत का?"

"हो. ज्वारीची."

"ज्वारीची लाल झाकणाची, सर! निळी कोळंबीच्या टरफलाची आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, तेही करून बघू? कुणी खाल्लं नाही ना? कोळंबी सोसत नाही अशी माणसं असतात, सर!"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवत होते. हाडाचं टरफल फेकणाऱ्या माझ्या आईला मी सोळा दिवस कोळंबीचं टरफल चारलं होतं!

घरी पोचलो तर बरणी गायब. "मठात नेली अव्वांनी," दानेश्वरी म्हणाली. "आज प्रसादाचं जेवण आहे. चाळीस पानं आहेत."

मी मठात घुसलो तेव्हा पंगत बसली होती, अव्वा स्वतः चटणी वाढत होती.

"थांबा! चटणी खाऊ नका!"

"का? पाल पडली का?" पहिल्याच पानावरच्या चंद्रव्वा किंचाळल्या. पंगत उठली. एका ताटातलं ताक दुसऱ्या ताटात गेलं.

"शेंगा खवट असतील," कुणीतरी म्हणालं. "चनबसप्पांच्याच न्हवं?"

चनबसप्पा पंगतीतच होते. तोंडात घास, बोलता येईना. "माझ्या शेंगा?" कसाबसा घास गिळून ते ओरडले. "तीस वर्षं तुमी खाताय की!" बायका त्यांच्यावर तुटून पडल्या, आणि मी गप्प उभा राहिलो. माझ्या ऐवजी दुसरा माणूस सापडला म्हणून घटकाभर मला बरंसुद्धा वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

मग अव्वा पुढं आली. "शेंगा मी निवडल्यात. चटणी मी कुटलीय. हे बघा!" असं म्हणून तिनं सगळ्यांसमोर चटणीचा गोळा तोंडात टाकला! तिच्या शब्दावर बाकीचे पुन्हा बसले आणि त्यांनी ताटं पुढं ओढली.

"अव्वा, थुंक! त्यात कोळंबी हाय!"

"कुटं हाय?" चंद्रव्वा ताटात बोट घालून शोधू लागल्या. मग सगळी पंगतच चटणी चिवडू लागली.

"दिसणार नाही. केसापेक्षा बारीक आहे. मी घातलीय."

"दिसत न्हाय, तर घातलीस कशाला?" चनबसप्पांनी विचारलं.

अव्वानं तोंड धुतलं. "किती दिस?"

"सोळा. आज सतरावा."

अव्वा बरणी तशीच ठेवून घरी गेली.

मठातल्या वृद्ध स्वामींनी, शिवयोगी अज्जांनी, सगळ्यांना समजावलं. नकळत झालं, अंघोळ करा, विभूती लावा, संपलं. सुदैवानं कुणालाच त्रास झाला नाही. मी चनबसप्पांच्या दुकानात भर गिऱ्हाइकांत हात जोडले. प्राचार्यांनी फ्रीजची किल्ली काढून घेतली. पण अव्वा आठ दिवस बोलली नाही. मी ओतून दिलेलं पाणीही ती घेईना. नवव्या दिवशी मीच तिच्या पायाशी बसलो.

"देवाचं मिटलं," ती म्हणाली. "तुजं न्हाय. मला इचारलं का न्हाईस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"मग नको ऐकायचं की!"

त्यानंतर ती दानेश्वरीबरोबर डॉक्टरांकडं गेली आणि शाकाहारी थेंब सुरू झाले. त्याआधी रक्त तपासलं, तर डी जीवनसत्त्व होतं तिथंच! मी श्रावणीला गाठलं. "कण आतड्यात उकललेच नाहीत की काय?"

ती चाचरत म्हणाली, "सर, निळ्या बाटलीत जीवनसत्त्व भरलंच नव्हतं. तुलनेसाठी रिकामे कण ठेवले होते."

हे अव्वाला सांगावं की नको? खूप वेळ उंबऱ्यात उभा राहिलो. शेवटी सांगितलं.

"म्हंजे नुसतं टरफलच?"

"व्हय, अव्वा."



"आन् तू पोरास्नी शिकवतोस," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकत सावकाश उठून आत गेली.