हेतू सिद्ध होत नाही

संध्याकाळी साडेपाचला भांडाराला कुलूप लावायचं आणि घरी जायचं, हा काही आयुष्य उलटंपालटं करणारा निर्णय नव्हे. पंख्यांच्या कारखान्यातले भांडारपाल तो एकोणीस वर्षं रोज घेत आले होते. (सगळे त्यांना किल्लेदार म्हणत. थट्टेने म्हणत, पण स्वारीला ते आवडायचं.) कुलपाआधी दारात उभं राहून "आत कोणी आहे का?" असं तीनदा ओरडायचं, असा कारखान्याचा नियम होता. किल्लेदार तो इतक्या खणखणीत आवाजात पाळत, की फाटकावरचा पहारेकरी त्यांच्या हाकेवर घड्याळ लावून घेई.

एका मंगळवारी मात्र ती हाक कोणालाच ऐकू आली नाही. कुलूप लागलं आणि आत साक्षात व्यवस्थापक साहेब राहिले. सव्वा तास! सुटका झाली तेव्हा साहेबांच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा होता, आणि तोंडात जे शब्द होते ते इथे छापण्यासारखे नाहीत.

दुसऱ्याच दिवशी किल्लेदारांच्या हातात आरोपपत्र पडलं. 'हेतुपुरस्सर व पूर्वनियोजनाने कोंडून ठेवले.' सिद्ध झालं तर बडतर्फी. शिवाय त्या मंगळवारी दुपारीच साहेब त्यांना चारचौघांत म्हणाले होते, "तुमच्या जागी भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्याला किल्ली टांगली, तरी काम भागेल." म्हणजे सूड घ्यायला कारणही तयारच होतं.

किल्लेदारांचा जीव टांगणीला लागला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कुलूप लावता येतं या एवढ्याच कौशल्यावर दुसरी नोकरी कोण देणार? सुदैवाने मेहुणा वकील होता. चौकशीच्या दिवशी तो काळा कोट चढवून थाटात आला, आणि फाटकातूनच परत गेला.

"बाहेरचा वकील चालत नाही," चौकशी अधिकारी म्हणाले. "बचावासाठी याच कारखान्यातला सहकारी आणायचा. तसा नियमच आहे."

"पण साहेब, कंपनीतर्फे हे कायदा अधिकारी बसलेत. ते वकील नाहीत का?"

"आहेत ना. पण ते आपले कर्मचारी आहेत."

"मग माझ्या मेहुण्याने काय करायचं?"

"त्यांनी आधी इथे नोकरीला अर्ज करावा."

दोन दिवसांची मुदत मिळाली. किल्लेदार कारखानाभर फिरले. एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याचा घसा बसला होता. युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "मी मनाने तुमच्याबरोबर आहे." शरीराने ते रजेवर गेले.

"मी येते," घरी बायको म्हणाली.

"तू?"

"का? याच कारखान्याच्या तपासणी विभागात सतरा वर्षं काढलीत मी. बायको चालत नाही असं नियमात कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. तपासणी विभागात तिचं काम एकच. पंखा फिरवायचा, खोट शोधायची, चिठ्ठी डकवायची. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे किल्लेदारांइतकं कोणाला माहीत असणार?

चौकशी सुरू झाली. कायदा अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "एकोणीस वर्षांत यांची हाक एकदाही चुकली नाही. मग नेमकी अपमानाच्याच दिवशी कशी चुकली? हा हेतू नाही तर काय?"

किल्लेदारांनी तोंड उघडलं. बायकोने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"साहेब, तुम्ही यांना फक्त कारखान्यात बघता," ती म्हणाली. "मी घरीसुद्धा बघते." आणि तिने वही उघडली. (वही जुनी होती. म्हणजे नोंदी आधीपासूनच चालू होत्या.) "मार्चमध्ये माझी आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. यांनी दाराला कडी लावली आणि केस कापायला गेले. जूनमध्ये बाहेरगावी निघताना घराला कुलूप लावलं आणि मला विचारलं, 'सगळं घेतलंस ना?' मुलगी आत होती."

"पण त्यामागे काही हेतू..." कायदा अधिकारी सुरू झाले.

"हेतू असायला माणसाला आधी मनाशी काही ठरवावं लागतं, साहेब. यांनी कधी काही ठरवलेलं मी तरी पाहिलं नाही."

"लग्न तरी ठरवलं असेल?"

"ते सासूबाईंनी ठरवलं."

खोलीत हशा पिकला. साक्षीला आलेले व्यवस्थापक साहेबसुद्धा विरघळले. "वहिनी," ते हळहळून म्हणाले, "कसं निभावता हो तुम्ही?"

आठवड्याने निकाल सूचना फलकावर लागला. 'हेतू सिद्ध होत नाही. सदर कर्मचाऱ्याच्या ठायी हेतू निर्माण होण्याची क्षमताच आढळून येत नाही. सबब नोकरी कायम.' सगळ्यांनी अभिनंदन केलं. बायकोचं.

नोकरी वाचली म्हणून किल्लेदारांना आनंद झाला, नाही असं नाही. पण घरी येताना निकालातली ती 'क्षमता' त्यांना टोचत राहिली. शेवटी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर त्यांना राहवेना.

"अगं, खरं सांगू? त्या दिवशीही मी तीनदा विचारलं होतं."

"मग कोणाला ऐकू कसं नाही आलं?"

"मनातल्या मनात विचारलं. साहेब आत आहेत हे मला ठाऊक होतं. मुद्दाम लावलं कुलूप." त्यांची छाती फुगली होती. आयुष्यात प्रथमच त्यांनी काहीतरी ठरवलं होतं आणि पार पाडलं होतं. हे कोणाला तरी कळायलाच हवं होतं.

बायको पायरीवर थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसली. "तुम्ही? मुद्दाम? बाई बाई! हे बाहेर कुठे बोलू नका हं, लोक म्हणतील निकाल लागल्यापासून बढाया मारायला लागलेत. चला, किल्ली द्या."

किल्लेदारांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. डबा उघडून पाहिला. मग दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून आत डोकावले. किल्ली जेवणाच्या टेबलावर होती, आणि दार ओढून घेतलं की आपोआप लागणारं होतं.

"मुद्दाम नाही गं विसरलो," ते पुटपुटले.

"ठाऊक आहे," बायको पायरीवर बसत म्हणाली. "लेखी आहे माझ्याकडे."