पिशवीवरचा पत्ता

थोरल्या काकांच्या साठीशांतीच्या आदल्या दिवशी पिवळ्या कापडी पिशव्यांचे गठ्ठे घरात आले आणि नंदिताच्या तोंडचं पाणी पळालं.

तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये कार्य कुणाचंही असो, नारळ-पानसुपारीची पिशवी घेतल्यावाचून पाहुणा परत जात नाही. पिशवीच्या एका बाजूला 'चंद्रमौळी कॉफी पावडर' असं छापलं होतं. दुसऱ्या बाजूला ठळक लाल अक्षरांत 'आमचं वेब पेज पाहा', आणि खाली पत्ता: फाइल, तीन तिरक्या रेघा, सी, युजर्स, नंदिता, डेस्कटॉप, लॅब, फायनल, खरंच-फायनल.

पान नंदितानेच केलं होतं. कॉलेजात वेब पेज शिकवायला सुरुवात झाली होती आणि लावण्या मिसनी गावातल्या एखाद्या दुकानाचं पान करून आणायला सांगितलं होतं. घराच्या खालीच काकांचं कॉफीचं दुकान, मग लांब कशाला जायचं? पण पान इंटरनेटवर चढवायचा धडा अजून व्हायचा होता. तोवर ते फक्त घरच्या कॉम्प्युटरवर दिसत होतं. पाटी रंगवून कपाटात ठेवावी तसं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पोरीला चकित करावं म्हणून ती कॉलेजला गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला, पडद्याच्या माथ्यावरचा पत्ता एकेक अक्षर लावून उतरवला आणि छापखान्यात नेऊन दिला. हौसेला मोल नसतं म्हणतात. विचारून करायला काही बंदी नसते.

माणूस मात्र हसण्यासारखा नव्हता. सुपरमार्केटात पाकिटं मिळायला लागल्यापासून गल्लीत गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. काका दिवसभर कॉफी दळायचं बंद मशीन पुसत बसायचे. त्यात मेहुणा एकोजी बेंगळुरूहून आला की घरच्या तंजावरी मराठीत हटकून म्हणायचा, "भावजी, कुलूप घाला आतां."

"थोरलेकाका, ह्या पत्त्याविषयीं थोडें सांगायचें होतें," नंदिता चाचरत म्हणाली.

"लाजतेस कशाला, कण्णा?" काका लाडाने म्हणाले. "एकोजीला मींच फोन केला. म्हटलें, बघ, माझें दुकान आतां अमेरिकेंतहि दिसतें!"

"देवळांतहि सगळ्यांना सांगून आलें मी," विशालाक्षी काकूंनी भर घातली.

नंदिता एक पिशवी घेऊन कॉलेजकडे धावली.

"मिस, हा पत्ता चालेल असं काही करता येईल का?"

लावण्या मिस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "येईल की! ज्याला पाहायचंय त्यानं तुझ्या घरी येऊन तुझ्याच कॉम्प्युटरसमोर बसायचं." मग पोरीचा चेहरा पाहून त्यांना दया आली. पान इंटरनेटवर कसं चढवायचं ते त्यांनी दाखवलं. "पण पत्ता वेगळा मिळेल. तो मला पाठव. तिथं पान उघडलं तरच मार्क."

साठीशांतीच्या दिवशी नंदिता एकेक पिशवी उलटी करून पत्ता आत लपवत होती आणि मागोमाग काकू ती पुन्हा सुलटी करत होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या पिशव्या गावोगाव गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुविडैमरुदूरहून काकांच्या चुलतभावाचा, साईरामचा फोन आला. "अण्णा, तुमचें पान उघडत नाहीं."

"तुझा फोन जुना झाला रे. येथें ये. आमच्याकडे बरोबर उघडतें!"

साईराम आला, सहकुटुंब आला. पान पाहिलं, काकूंनी दिलेली कॉफी प्याला आणि जाताना खालून पावडर घेऊन गेला. मग तिरुनीलक्कुडीचे वैद्यनाथ आले. मग देवळातली मंडळी आली. प्रत्येकाचा फोन जुना निघाला. जिन्यात चपलांची रास पडू लागली, मशीनला उसंत मिळेना आणि काकांचा आवाज कित्येक वर्षांनी चढला.

नंदिताचा मात्र रोज थोडा थोडा जीव जात होता. पान तिने इंटरनेटवर चढवलंही होतं. पण आता सांगायचं कसं? काल न सांगितलेली गोष्ट आज आणखी जड झालेली असायची. आणि साठीशांतीला रजा न मिळालेला एकोजी अजून यायचाच होता.

तो आला. खोली माणसांनी भरलेली होती. त्याने पिशवी उचलली, पत्ता वाचला आणि खो खो हसत सुटला. "भावजी, हें पान ह्या एका कॉम्प्युटरच्या बाहेर कोणालाच दिसत नाहीं! सगळ्या गांवाला फसविलेंत की!"

कॉफी प्यायला वर केलेले हात तसेच राहिले. काकांनी वळून नंदिताकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं; तिथे नुसती भीती होती.

"चूक माझी, थोरलेकाका," नंदिता एका दमात म्हणाली. "पहिल्याच दिवशीं सांगायला पाहिजे होतें, धीर झाला नाहीं. पण आतां मी तें खरोखर चढविलें. नवा पत्ता आहे. सगळीकडे उघडतें."

एकोजीने नवा पत्ता आपल्या फोनवर घातला. पान झटकन उघडलं. त्याचं हसू जरा ओसरलं.

"सरी, ठीक आहे, बरें केलेंस," तो म्हणाला. "आतां कोणीं एवढा जिना चढायला नको. घरीं बसून बघतील, घरीं बसूनच मागवतील."

नंदिताने सुटकेचा श्वास सोडला. काकांनी मात्र सोडला नाही. ते भरलेल्या खोलीकडे पाहत राहिले, मग जिन्यातल्या चपलांकडे.

"नंदिता, तें काढ."

"काढूं? आतां तर सगळीकडे दिसतें, थोरलेकाका!"

"म्हणूनच काढ. होतें तेथें ठेव."

"आणि माझे मार्क? मिसना पान दिसलें पाहिजे ना!" नंदिता रडकुंडीला आली.

काकांनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची पुसली.

"मग तुझ्या मिसला येथें बोलाव. आमच्याकडे बरोबर उघडतें." आणि काकूंना आणखी दूध तापवायला सांगून ते मशीन चालू करायला खाली गेले.