गिरजाक्काचा कॅमेलिया

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांच्या दारात जास्वंद होती. ती न सांगता फुलायची, म्हणून तिला कोणी विचारत नसे.

त्या जंगलात गिरजाक्का नावाची साळिंदरीण राहायची. आयुष्यभर तिने झाडांची मुळं उकरून खाल्ली. म्हातारपणी मात्र डोंगरावरच्या भाचीने तिला कॅमेलियाचं एक रोप दिलं. पानं कशी, तेल चोपडल्यासारखी! गिरजाक्काने जन्मात पहिल्यांदा एखाद्या मुळावर माती लोटली.

रोप भारी नाजूक. कडक ऊन सोसेना, चुनखडीची माती चालेना. गिरजाक्काने त्याला चिंचेच्या सावलीत मोठ्या कुंडीत लावलं. कुजलेल्या पाल्याची आंबट माती घातली. तीन वर्षं वाट पाहिली. चौथ्या हिवाळ्यात वाटाण्याएवढी कळी आली.

बातमी विद्वांसराव कोल्ह्यांना कळली. ते बागमंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या दारात गवतही उगवत नसे, त्यामुळे इतरांच्या बागांना त्यांचा पुष्कळ वेळ मिळे.

"अक्का, येत्या रविवारी वाघोबांच्या हस्ते फुलाचं उद्घाटन!"

"अहो, ते आपलं आपण उघडेल की."

"महाराजांच्या आधी? भलतंच काय!"

मग रीघ लागली. शेजारच्या जनाबाई अस्वलीने कळीला मधाचं पाणी पाजलं. माकडांनी ती किती भरली हे दाबून पाहिलं. शनिवारी मंडळाने कुंडी उचलून भर उन्हात मांडवापुढे ठेवली.

"हलवू नका हो, गळेल ती!" गिरजाक्का रडकुंडीला आली.

"अक्का, महाराजांना चिंचेखाली वाकायला लावू का?" विद्वांसराव म्हणाले.

रविवारी वाघोबा आले. जास्वंदीचे हार झाले. भाषणं झाली. वाघोबांनी पंजा पुढे केला, आणि कळी टपकन खाली पडली.

वाघोबांची शेपटी जमिनीवर आपटू लागली. विद्वांसरावांनी एकदा स्वतःच्या मानेवरून पंजा फिरवला आणि ते ओरडले,

"धन्य! महाराज, फुलायला काय, जास्वंदसुद्धा फुलते. ऐन क्षणी आपल्या चरणी गळून पडणं जातिवंत कॅमेलियालाच जमतं!"

वाघोबांची शेपटी थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गिरजाक्काला शाल मिळाली. काट्यांवर ती लगेच फाटली.

त्या दिवसापासून घरोघर कॅमेलिया आला. कळी धरली की लोक झाड हलवून ती पाडत. कोणाची किती सुबक गळली, यावर बक्षिसं लागली.

गिरजाक्का कुंडी घेऊन परत चिंचेखाली गेली. तिने पुन्हा पाला घातला, पुन्हा वाट पाहिली. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी फूल उमललं. गुलाबी, पाकळीवर पाकळी. गिरजाक्का न्याहारी विसरून त्याच्यापुढे बसून राहिली. डोळे पुसायचे, पुन्हा पाहायचं.

कुंपणावरून जनाबाईने डोकावलं. तिचा चेहरा पडला. इकडेतिकडे बघत ती हळूच म्हणाली,

"फुललं का गं? चालायचंच, अक्का. मनाला लावून घेऊ नकोस. मी नाही कुणाला सांगणार."

तात्पर्य: झाड जगवायचं असेल तर मुळाशी माती घालावी. नाव कमवायचं असेल तर कळी वेळेवर पाडावी. आणि एवढं करूनही फूल आलंच, तर निदान चारचौघांत दाखवू नये.