नववा गोळा

देल्फिनने कॉफीचा पेला आपटला. "मानांग, या खेपेलाही पडलो ना, तर मी मनिलाला लेकीकडे निघून जाणार. या गावात तोंड दाखवणार नाही!"

थोरल्या बहिणीला तो, गावातल्या सगळ्यांसारखाच, मानांग म्हणे. फेलिसाने नुसती मान हलवली. मार्चमध्ये नवरा गेला. आता भाऊही गेला, तर घरात बोलायला कोंबड्या तेवढ्या उरणार होत्या. आणि देल्फिन नगरपरिषदेला उभा राहायची ही तिसरी खेप.

मतदानाच्या दिवशी हातात पडलेली मतपत्रिका चांगली हातभर लांब होती. वर सिनेटसाठी बारा नावं निवडायची. त्यांच्यापुढचे गोळे तिने भराभर रंगवले. त्यांच्यातलं कुणी कधी तिच्या दारात आलं नव्हतं, त्यामुळे राग नाही नि लोभ नाही. मेयरपदाला एकच उमेदवार, उपमेयरपदाला त्याचीच बायको. तिथे डोकं चालवायची सोयच नव्हती. पंचाईत झाली ती अगदी खाली, परिषदेच्या आठ जागांपाशी.

पहिला गोळा देल्फिनचा. मग तिला नवऱ्याच्या, आन्सेल्मोच्या मयताचं जागरण आठवलं. निवडणुकीच्या तोंडावर मरण आलं की घर कसं भरून जातं! एकाने खुर्च्या पाठवल्या, एकाने शवपेटीहून मोठं फुलांचं चक्र. एक उमेदवारीणबाई तर आन्सेल्मोला कधी न पाहता घरच्यांपेक्षा जास्त रडली. एकेकाचे उपकार फेडता फेडता आठ गोळे भरले आणि रुपेर्तो उरला. दफनाला नेताना कालव्याच्या निसरड्या बांधावर पेटी कलली, तेव्हा धावत येऊन खांदा देणारा रुपेर्तो! त्याला कसं वगळायचं? तिने नववाही गोळा रंगवला.

यंत्राने कागद गिळला आणि पावती बाहेर टाकली. केंद्रावरच्या मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "मानांग, एक जास्त झालं. परिषदेची तुमची सगळीच मतं बाद."

"मग दुसरा कागद दे की, पोरी."

"नाही मिळत हो."

"बरं, देल्फिनचं तेवढं ठेव. बाकीच्यांची मी समजूत घालते."

"यंत्राची कोण घालणार?"

निकाल लागला. आठव्या जागेला देल्फिन आणि रुपेर्तो यांना सारखीच मतं. शेवटी सगळ्यांदेखत नाणं उडवलं, आणि ते रुपेर्तोच्या बाजूने पडलं.

देल्फिन घरी येऊन पिशवीत शर्ट कोंबू लागला. "एक मत, मानांग! एका मताने घात केला! कोण तो मेला, सापडू दे मला!"

फेलिसाने शाईचं बोट मुठीत लपवलं. "मी मेले ना," ती म्हणाली, "की जागरणाला आठच उमेदवारांना येऊ दे. नववा आला तर दारातूनच परत पाठव."

देल्फिनचा हात थांबला. "नववा कोण?"

"रुपेर्तो. बांधावर पेटी कलली होती ना..."

 तो पडेल आवाजात म्हणाला, "कलली, कारण पुढचा कोपरा माझ्या हातून सुटला होता."

 मग त्याने पिशवीतून एकेक शर्ट बाहेर काढायला सुरुवात केली.

"खोकल्याचं औषध घेतेस ना वेळेवर?" तिच्याकडे न बघता त्याने विचारलं. "पुढची निवडणूक तीन वर्षांनी आहे. तोवर मरायचं नाही."