चांगला भुसा

रविवारी सकाळी निमिया लुके गावातल्या घरी आली, तेव्हा तिचे वडील, सुतार एलिहिओ, पडवीत दोन म्हाताऱ्या दोस्तांबरोबर तेरेरे, म्हणजे पाल्याचा गार काढा, पीत बसले होते. शिंगाचा पेला हातोहात फिरत होता. त्यातलं गार पाणी रोजच्यासारखं हिरवट नव्हतं, लालसर होतं.

“बाबा, यात काय घातलंय?”

“तुझंच औषध. लपाचोचा भुसा. तीन आठवडे झाले.”

निमिया विद्यापीठात लपाचोच्या लाकडावर संशोधन करत होती. लाकडाच्या गाभ्यातली काही द्रव्यं शरीराला आतून गंजू देत नाहीत, असं तिनंच वडिलांना समजावलं होतं. तिच्या प्रयोगांसाठी भुसा त्यांच्याच कारखान्यातून जायचा. प्रबंध उद्या द्यायचा होता.

“अहो, ते काचेच्या नळीत दिसलं. माणसाच्या पोटात काय होतं, कुणाला ठाऊक?”

“माझा गुडघा वाकायला लागलाय,” दोस्तांपैकी सिन्फोरियानो म्हणाले.

बोलता बोलता तिचं लक्ष कोपऱ्यातल्या वाळवीच्या औषधाच्या पिंपाकडे गेलं. कुंपणाचे खांब त्या विषारी औषधात बुडवून मग कापायचं काम वर्षभर चाललं होतं. त्या भुशाचं पोतं पिंपाजवळ असायचं. आता तिथं काहीच नव्हतं.

“बाबा, इथलं पोतं कुठंय?”

“संपलं की.”

तिनं तिघांना गाडीच्या हौद्यात चढवलं. फाटकाबाहेर सिन्फोरियानोंनी हळूच सांगितलं की थोडा भुसा त्यांनी भाचीलाही दिलाय. भाचीनं तो शेजारच्या एउलोहियाबाईंना दिला होता. बाई नवऱ्याला न सांगता त्याच्या सूपमध्ये घालत होत्या. निमियानं त्या तिघांनाही गाडीत घेतलं.

“विष होतं त्यात?” हौद्यात नवऱ्यानं विचारलं.

“मला काय माहीत? तुमच्या भल्यासाठीच घालत होते,” बाई म्हणाल्या आणि स्वतःच रडू लागल्या.

दवाखान्यात पोचेपर्यंत सहा जण झाले होते. एकाची जीभ जड झाली, दुसऱ्याला दोन दोन नर्स दिसू लागल्या. एलिहिओ तेवढे शांत होते. निमिया त्यांचा हात घट्ट धरून बसली होती. आई गेल्यावर यांनीच तिला वाढवलं होतं, आणि आता तिनंच त्यांना मारलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना तपासलं, रक्त तपासलं. “सगळं ठणठणीत आहे,” त्या गोंधळून म्हणाल्या. “एलिहिओ, तुम्ही नक्की कुठल्या पोत्यातला भुसा प्यायलात?”

“चांगल्या. औषधातल्या खांबांचा भुसा कोण पिईल? मी काय खुळा आहे?”

निमियाला रडू आवरेना. तिनं वडिलांना मिठी मारली. मग एकदम ती थांबली.

“बाबा, मग ते दुसरं पोतं कसं संपलं?”

“तुला दिलं ना विद्यापीठात न्यायला, थोडं थोडं करून. तुम्ही नुसतं यंत्रात घालून बघणार. चांगला माल वाया कशाला घालवायचा?”

निमिया जवळच्या खाटेवर बसली. नर्सनं तिचा रक्तदाब घेतला, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा घेतला. सगळ्यांना घरी सोडलं. निमियाला तेवढं ठेवून घेतलं.

एलिहिओ उशाशी बसून टोपीनं वारा घालत राहिले. लेकीचं काय बिघडलं ते त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

“पोरी,” ते म्हणाले, “एक मात्र आहे. तुझ्या प्रबंधाला वाळवी कधी लागायची नाही.”