पाळकसाहेबांची लाल झूल

चर्चच्या व्यासपीठामागच्या खोलीत पाळकसाहेब येरझाऱ्या घालत होते आणि दर वळणाला पाठीवरची लाल झूल टेबलावरचं काहीतरी पाडत होती. झूल हा त्यांच्या बायकोचा शब्द. त्यांच्या लेखी ती सुपरहिरोची केप होती.

"आभाळातून आलेलं पोर साध्या घरात वाढतं, जगासाठी जीव देतं आणि पुन्हा उठतं. ही तारणाचीच गोष्ट झाली की नाही?"

"गोष्ट झाली हो," बायको म्हणाली. "पण झूल कशाला?"

"तरुण पोरं यायला नकोत?"

पोरं आज खरंच आली होती, पण रविवार हा एकच मिळाला होता. चर्चचा कारभार पाहणारे मंडळीचे वडील म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. "आपल्या तारणाऱ्यानं पँटवरून चड्डी कधी घातली नव्हती," असं त्यांनी बैठकीत सुनावलं होतं. आज जमलं नाही, तर हे थेर कायमचे बंद.

बाहेर हेडमास्तरांनी बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला घेतला. त्यांच्या संथ सुरात भल्याभल्यांचा डोळा लागे. वाचन संपलं की पाळकसाहेबांनी झेप घेऊन प्रकट व्हायचं, असं ठरलं होतं. बायको ऑर्गनवर जाऊन बसली. पाळकसाहेबांनी कपाटातून उपदेशाचा कागद काढला, कपाटाचं दार धाडकन लावलं, निघाले, आणि मानेला हिसका बसून जागच्या जागी परत आले. झूल त्या दारात अडकली होती.

कपाटाची मूठ फिरवली, ती हातात आली. झूल सोडावी, तर "तुमची गाठ कधी टिकलीये?" म्हणून बायकोनं ती शर्टालाच शिवून टाकलेली. शर्ट काढावा, तर आत काहीच नाही. अंगात वीरश्री होतीच, त्यांनी कपाटच खोलीच्या दाराकडे ओढलं. कपाट अंगावर कलंडलं. आता पाठीनं ते तोलून धरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. बाहेर वाचन थांबलं. लाज गिळून पाळकसाहेबांनी हाक दिली, "वाचवा!"

"काय म्हणाले?" हेडमास्तरांनी विचारलं.

"वाचा म्हणतात," पहिल्या बाकावरून कुणीतरी सांगितलं.

हेडमास्तरांचा चेहरा खुलला. त्यांनी पुढचा अध्याय उघडला. त्यात नेमकी वंशावळ होती. अमक्याचा मुलगा तमका करत ती संपेपर्यंत पाळकसाहेब कपाटाखाली अर्धे वाकले.

"अहो, वाचवा!"

"आणखी वाचा म्हणतात!"

पोरांच्या माना पेंगून छातीवर आल्या. अखेर आतून रडवेला आवाज आला, "अगं, वाचव!"

बायको ताडकन उठली. एवढ्या मंडळीत 'अगं' म्हणायला त्यांना दुसरं कोण होतं? मागच्या दारानं येऊन तिनं कपाटाला खांदा लावून ते उभं केलं आणि त्याच्या दाराला खालून एक लाथ घातली. दार उघडलं.

"पहिल्यांदाच मला हाक मारायला काय झालं होतं?"

"वाटलं, माझं मी सुटेन."

"आणि आज सांगणार काय होतात? माणूस आपला आपण तरत नाही, हेच ना?"

पाळकसाहेब चपापले. खरा उपदेश तर आत्ता सापडला होता! सगळं जसंच्या तसं सांगायचं, असं ठरवून ते बाहेर धावले. तोच हेडमास्तरांनी त्यांचा हात धरला. हेडमास्तरांचे डोळे भरून आले होते.

"इतक्या वर्षांत मला सगळे 'पुरे' म्हणाले, पाळकसाहेब. 'वाचा' म्हणणारे तुम्ही पहिले. तुमचे सुपरहिरो चालू द्या, मी मध्ये येणार नाही."

पाळकसाहेबांनी कागदावरचाच उपदेश केला. पोरं जागी झाली, शेवटी हसलीही. पण सगळा वेळ पाळकसाहेबांना कपाट पाठीवरच असल्यासारखं वाटत होतं.

"खरं का नाही सांगितलंत?" बाहेर पडताना बायकोनं विचारलं.

"कसं सांगणार? एका शब्दावर म्हातारा तरून गेला. मी त्याला वाचवलं, असं समज."

"वाचवलंत कुठे? वाचायला लावलंत," असं म्हणून तिनं चर्चच्या दाराजवळच्या फळ्याकडे बोट दाखवलं. पुढच्या रविवारचा कार्यक्रम हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात आधीच लागला होता. शास्त्रपाठ, चार अध्याय. उपदेश, वेळ उरल्यास.