एक माणूस, एक ओळ

ऐश्वर्याताईच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी एक्सेलमध्ये घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं.

कॅनडात दोन वर्षं डेटा शिकून मी कोल्हापूरला परतलो तो गावाचं भलं करायला. (गावाला कल्पना नव्हती.) सुरुवात घरापासून. आण्णांची यादी एका वहीत, आईची दुसऱ्या. दोन्ही शीटमध्ये उतरवल्या तेव्हा सहाशे बारा ओळी झाल्या आणि सदतीस माणसं दोनदा निघाली. माझ्या अंगावर काटा आला. ‘एक माणूस, एक ओळ’ हे तत्त्व मी जेवताना सगळ्यांना पाऊण तास समजावलं. आण्णा "बरं" म्हणाले आणि त्यांनी आणखी आमटी मागितली. मी डुप्लिकेट काढायचं बटण दाबलं. सदतीस ओळी गेल्या. फार पवित्र वाटलं.

मग शीट सांगेल तसं आम्ही वागलो. ‘घरी जाऊन’ लिहिलेल्यांकडे नारळ आणि पत्रिका, बाकीच्यांना व्हॉट्सॲप. झालं की समोर हिरवी खूण.

लग्नाला चार दिवस असताना हातकणंगल्याहून तात्यासोमामाचा, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाचा, फोन आला.

"पत्रिका मिळाली. मोबाईलवर."

"कशी वाटली मामा? डिझाइन माझंच."

"झ्याक हाय. येतो की. दुसऱ्या पंगतीला जेवतो आन जातो."

"आणि ताईला मांडवात कोण आणणार?"

"तिचा मामा आणंल की. तो कोण हाय मला काय म्हाईत. पत्रिकेत माझ्या नावाम्होरं ‘मामेभाऊ’ लिवलंय. मला मामेभाऊ म्हणून बोलावलंय."

फोन बंद.

आमच्यात नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं, आणि ताईला मामा एकच. ताईनं माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं.

चौकशीत कळलं ते असं. आण्णांनी लग्न केलं ते स्वतःच्या मामाच्या मुलीशी. म्हणजे तात्यासोमामा हा आईचा भाऊ आणि आण्णांचा मामेभाऊ. आण्णांची ‘मामेभाऊ, व्हॉट्सॲप’ ही ओळ वर होती म्हणून राहिली. आईची ‘भाऊ, घरी जाऊन’ उडाली. हिरवी खूण पाहून आईला वाटलं आण्णा जाऊन आले, आण्णांना वाटलं आई.

"पण माणूस तर एकच आहे ना?" मी विचारलं.

"माणूस एकच हाय. नाती दोन हायत," आण्णा म्हणाले. "तुझ्या कॅनडात नाती नसत्यात काय?"

मामीकडून निरोप आला: दोन नात्यांची दोन आमंत्रणं, वेगवेगळी, घरी येऊन.

गेलो. आण्णा कोपऱ्यावर गाडीत बसले. आई आणि मी आत. कुंकू, नारळ, पोहे, चहा. बाहेर आलो. आई गाडीत बसली, आण्णा उतरले. पुन्हा आत. मामा त्याच खुर्चीवर.

"या पावणं, लई दिसांनी."

"मामा, मी आत्ताच..."

"आत्ता बहिणीसंगं आलतास. आता आतेभावासंगं आलायस. पोहे घे."

(दोनातली कुठली प्लेट डुप्लिकेट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.)

दुसऱ्या चहानंतर मामानं मान डोलावली. ताईला तोच आणणार. माझा जीव भांड्यात पडला. निघताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या सम्राटचं लग्न हाय पुढच्या म्हयन्यात. यादीत तू दोनदा हुतास. भाचा म्हणून एकदा, आतेभावाचा पोरगा म्हणून एकदा. तुझ्या आईनं तुझं ते तत्त्व सांगितलं. म्हटलं, शिकल्यालं पोरगं म्हणतंय तर एक वळ काढावी."

मला भरून आलं. हातकणंगल्यात बदल सुरू झाला होता.

"कुठली काढली, मामा?"

"भाच्याची. भाच्याला सूट शिवायचा हुता."

"आणि आतेभावाच्या पोरासमोर काय लिहिलंय?"

"आमटीची बादली," मामा म्हणाला. "सकाळी नवाला ये. तिन्ही पंगती वाढायच्या हायत."